आकाशातल्या ढालीची केस

अण्णा, आज मुलांची केस ठरली. चारच्या आत ती स्पर्धेच्या पोर्टलवर भरायची होती. ती भरली आणि मी घरी आले. तसं दमण्यासारखं काही केलेलं नाही, दिवसभर स्टाफरूममध्ये खुर्चीतच बसून होते, पण दमले आहे. आई गॅलरीत कोळंबी सोलत बसली आहे. मी चहा करून घेतला आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की आता तुमच्याबद्दल कोणी विचारतही नाही. अलोऱ्याच्या वीजघर कॉलनीतली ओळखीची माणसंही कधीच पांगली. कॉलेजात मला वादविवादाचं बघणारी मॅडम म्हणून ओळखतात, पण हे मी कोणाकडून शिकले ते कोणाला माहीत नाही आणि मीही कधी सांगितलेलं नाही.

केस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या वेळी हा प्रकार नव्हता. तेव्हा फळ्यावर विषय लिहिलेला असायचा, अनुकूल की प्रतिकूल ते सांगायचं आणि बोलायचं. आता पॉलिसी डिबेट म्हणतात. वरून फक्त मोठा विषय येतो. या वर्षीचा विषय भारताने अंतराळाबाबतचं धोरण बदलावं असा आहे. त्या विषयाखाली नेमकी कोणती योजना मांडायची ते अनुकूल संघाने स्वतः ठरवायचं. त्या योजनेला केस म्हणतात. एकदा भरली की शेवटच्या फेरीपर्यंत तीच चालवायची. त्यामुळे अर्धी स्पर्धा निवडण्यातच असते, आणि निवडताना मुलं दर वर्षी जरा जास्त मोठं काहीतरी उचलतात. मी जुनी झाले म्हणून असेल, पण दर वर्षी मला ते उचलताना बघूनच थकवा येतो.

या वेळी संघात दोघं आहेत. एक मालगुंडचा मुलगा, तोंडाने फटकळ, आवाज चांगला. दुसरी कर्ल्याची मुलगी, कमी बोलते, पण वाचून येते. मी त्यांच्यासाठी एक केस मनात धरून ठेवली होती. खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमार बोटींना उपग्रहावरून वादळाचा इशारा पोचवायचा, एवढीच. आपल्या डोळ्यांसमोरची गोष्ट, माहिती बंदरावर जाऊन मिळते, खोडून काढायला अवघड. मुलीने दुसरी आणली. अंतराळात फिरत्या यंत्रणा ठेवायच्या आणि शत्रूचं क्षेपणास्त्र उडाल्या उडाल्या वरूनच पाडायचं. देशावर आकाशात ढाल धरायची, असं तिने सांगितलं.

"मॅडम, बोटींची केस चांगलीच आहे," मालगुंडचा म्हणाला, "पण जज झोपतात हो. क्षेपणास्त्र म्हटलं की झोपलेला जज पण दचकून उठतो."

"आणि तू बोलायला लागलास की परत झोपतो," मुलगी म्हणाली.

मी हसले, पण मनातून मला ती केस नको होती. मागे हवाई हल्ल्याच्या मॉक ड्रिलचा भोंगा वाजला तेव्हा मी भाजी घेत होते. भाजीवाली म्हणाली, "वाजूं दे, तुम्ही भेंडी बघा." मी खरोखर भेंडी बघत राहिले. टीव्हीवर रोज कुठल्यातरी शहरावरच्या आकाशात ठिणग्या उडताना दाखवतात आणि खाली जाहिरात चालू असते. हे सगळं पुन्हा महिनोन् महिने मुलांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी तुमचा नियम काढला. आवडलेली बाजू घ्यायच्या आधी मोडून दाखवायची, आणि जिला ती सगळ्यात जास्त आवडते तिनेच मोडायची. मोडता आली नाही तर ती आपल्याला पुरती कळलेली नाही, म्हणून सोडून द्यायची. मला वाटलं, तिला मोडता येणार नाही आणि बोटींवर सुटका होईल.

हा नियम तुम्ही मला ज्या दिवशी लावला तो दिवस मला लख्ख दिसतो. मी नववीत आहे. विषय आहे मोठी धरणं. मी हट्टाने अनुकूल बाजू मागून घेतली आहे, कारण माझे वडील डोंगराच्या पोटातल्या वीजघरात काम करतात आणि तिथून निघालेली वीज कुठल्या कुठे जाते हे मला सगळ्या शाळेला सांगायचं आहे. तुम्ही सकाळच्या पाळीवरून आला आहात. अंगाला त्या बोगद्याचा ओलसर, तेलकट वास आहे. तुम्ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बशीतून चहा पिताय आणि आई भाकऱ्या थापते आहे. तुम्ही म्हणता, "उलटं बोल."

मी म्हणते, "म्हणजे?"

"म्हणजे धरण नको असं बोल. चांगलं बोल. लाडात बोलू नको."

मी चिडले होते. आणि चिडून मी जवळचं होतं तेच उचललं. आईचं गाव त्याच वीजघराच्या धरणाच्या पाण्यात गेलं होतं, ती लहान असताना. घाटाखाली येऊन तिच्या माणसांनी नव्याने चूल मांडली. आपल्या घरात त्यावर कोणी फारसं बोलत नसे. मी भिंतीवरच्या बल्बकडे बोट केलं आणि म्हणाले, "या दिव्यात जळतंय ते माझं आजोळ आहे." माझा आवाज वर गेला होता. पुढेही बरंच बोलले, देवळाचं, शेतांचं, आठवेल ते. मी थांबले तेव्हा भाकरी करपल्याचा वास आला.

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "हं. खरं आहे हे. समोरच्याने हेच काढलं तर?"

"उत्तर देईन."

"उत्तर नसलं तर?"

उत्तरही तुम्हीच दिलंत. तुम्ही म्हणालात, "मग नीट ऐकून घे. मध्ये तोडू नको. ऐकून झालं की मग तुझं बोल. आणि आवाज कशाला चढवलास? बहिरा कोण आहे इथे?" एवढं बोलून तुम्ही हातपाय धुवायला गेलात. आईने करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि आपल्या ताटात ठेवली.

ती भाकरी मी विसरले नाही. स्पर्धेत काय झालं ते आता आठवतही नाही, पण भाकरी आठवते. पुढे शिकले, नोकरीला लागले, मुलांना शिकवायला लागले, तेव्हा तुमचा नियम मी वापरला, पण दर वेळी मनात एक खडा टोचायचा. वाटायचं, अण्णांनी माझ्या सरावासाठी आईचं गाव वापरू दिलं. तिच्यादेखत. तिच्याकडे एकदा बघितलंसुद्धा नाही. हे तुम्हाला विचारायचं राहिलं. तुम्ही आजारी होतात तेव्हा शेजारी बसून राहायचे, कितीदा तरी जिभेवर आलं, पण आजारी माणसाला काय विचारायचं म्हणून गप्प बसले.

तर आज मुलगी उभी राहिली. खिडकीपाशी, हातात कागद नाही. मी म्हटलं, "मोड." तिने सुरुवात सावकाश केली. ढाल वर फिरत असते, ती एका जागी थांबत नाही. आपल्यावर क्षेपणास्त्र सुटेल त्या वेळी तिचा बराचसा भाग पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असणार. म्हणून ढाली भरमसाट लागतील, आणि एका ढालीच्या खर्चात शत्रू आणखी क्षेपणास्त्रं करेल, त्यात खोटीही सोडेल. ज्याला आपण सुरक्षित झालो असं वाटतं तो आधी हात उगारतो. हे सगळं वाचलेलं होतं, ठीक होतं. मालगुंडचा बाकावर तबला वाजवत होता.

मग ती म्हणाली, "आणि वर फोडलेलं खाली पडतं."

तिचे अब्बा आखातात एसी दुरुस्तीचं काम करतात, हे मला माहीत होतं. मागे तिकडे क्षेपणास्त्रं आली, त्या संध्याकाळी त्यांनी जिन्याखालून तिला व्हिडिओ पाठवला होता, हेही तिने सांगितलं होतं. आकाशात एक ठिपका दुसऱ्याला जाऊन भिडतो आणि फुटतो. म्हणून तर तिला ही केस हवी होती. पुढचं तिने आज सांगितलं. फुटलेल्याचा एक तुकडा त्यांच्या शेजारच्या कामगारांच्या इमारतीवर पडला. तिथे अब्बांच्या ओळखीचा एक माणूस होता, रोज त्यांच्याबरोबर एकाच गाडीतून कामावर जाणारा. "ढालीने काम केलं, मॅडम. चुकली नाही. अब्बा वाचले ते ढालीमुळे, आणि त्याच्या पायाला लागलं ते पण ढालीमुळेच." एवढं बोलून ती खाली बसली. आवाज तिने कुठेच चढवला नाही.

तबला थांबला होता. मग मालगुंडचा म्हणाला, "अगं, हेच सुरुवातीला घाल! माझे अब्बा त्या आकाशाखाली होते, असं म्हण नुसतं. सगळे जज रडतील. जिंकलो आपण."

तो वाईट मुलगा नाही, अण्णा. आपण त्यांना जिंकायला शिकवतो, म्हणून तो तसं बघतो. मुलगीही माझ्याकडे बघत होती. तिला स्पर्धा हवी आहे. घरातून पहिल्यांदाच कोणी बाहेरगावी बोलायला जाणार आहे. मला ती भाकरी आठवली. मी म्हटलं, "गोष्ट तुझ्या अब्बांची आहे. त्यांना विचार आधी."

तिने फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे कसलंतरी यंत्र घरघरत होतं.

"काय गो, कॉलेजात नाहीस?"

"कॉलेजातच आहे. मॅडम आहेत इथे." तिने सगळं सांगितलं. केस, स्पर्धा, काय बोलणार ते. पलीकडची घरघर बंद झाली. ते बाजूला कुठेतरी गेले असावेत.

"हे ऑनलाइन दिसतं काय सगळ्यांना?"

"हो. अम्मीने आत्तापासूनच सगळ्यांना बघायला सांगून ठेवलंय."

"मग नको गो. अम्मीला मी सांगितलंय की लांब कुठेतरी झालं, आमच्याकडे नुसता आवाज आला. आणि तो आहे ना, त्याने पायाचं अजून घरी सांगितलेलं नाही. त्याची बायको बघायची नाही तुझं, पण तरी नको. दुसरं काय पण बोल. तू हुशार आहेस."

"बरं. जेवलात?"

"जेवलो. मॅडमना सलाम सांग. मार्क कापू नका म्हणावं माझ्यामुळे."

तिने फोन ठेवला. मला वाटलं, आता ही बोटींची केस घेईल. मी तसं म्हणालेही, की अजून वेळ आहे, बोटींची माहिती तयार आहे. ती म्हणाली, "नाही मॅडम. ढालीचीच घेऊ."

"आणि ते?" मुलाने विचारलं.

"ते नाही."

"आणि समोरच्या संघाने विचारलं की वरून पडतं त्याचं काय, तर?" हे मी विचारलं.

"तर ऐकून घेईन," ती म्हणाली. "मग बोलेन. अब्बा अजून तिथेच आहेत, मॅडम. ढाल नको असं मी कसं म्हणू?"

तुमचं वाक्य मी तिला कधीही सांगितलेलं नाही, अण्णा. मुलाने पोर्टल उघडलं, तिने सांगितलं, त्याने भरलं. ते सुरुवातीला घालायचा विषय त्याने परत काढला नाही, फक्त म्हणाला, "जज झोपले तर माझ्यावर ढकलू नको." मी खाली माझ्या नावापुढे टिचकी मारली. मला नको असलेली केस आता स्पर्धा संपेपर्यंत माझ्याबरोबर राहील.

घरी येताना रिक्षात मला बरं वाटत होतं, आणि कशाने ते मला ठाऊक होतं. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती कोळंबी सोलता सोलता ऐकत होती. घाटाखाली सगळा जन्म गेला तरी तिची बोली घाटावरचीच आहे. मी म्हटलं, "मी तिला आधी विचारायला लावलं. नाहीतर लोक विचारत नाहीत." तुमचं नाव मी घेतलं नव्हतं. तिला कळलं असावं.

ती म्हणाली, "तुझ्या अण्णांनी इचारलं व्हतं मला."

"कधी?"

"आदल्या दिशी. नळावर आले माझ्यासंगं बादली घेऊन. म्हनले, उद्या पोरगीला उलटं बोलायला लावनार हाय, ती तुझं गाव काढंल. तुला चालंल का."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, काढू द्या. दुसरं कोन काढतंय?"

मी विचारलं, की मग ती भाकरी का करपली. तिला आधी आठवेना. मग हसली. "ऐकत बसले व्हते न्हवं मी. ध्यान न्हाई राहिलं तव्याकडं."

इतक्या वर्षांत मी तिलाही कधी विचारलं नव्हतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. चहा गार झाला आहे, आई हाक मारते आहे, कांदा चिरून द्यायचा आहे. एवढंच लिहिते. आज रिक्षात मला बरं वाटत होतं ते अशासाठी, की जे तुम्ही केलं नाही ते मी केलं असं मला वाटत होतं.