‘लांब मार’ची पाटी

तीर्थरूप मर्व्हमामांच्या दुखऱ्या गुडघ्यास आणि उरलेल्या मामांस टेगनचा नमस्कार. समुद्राची हवा मानवते ना? मामी अजून तुमच्या पायमोज्यांवरून बोलतात का? बोलत असतील तर सगळं क्षेम आहे, असं मी धरून चालते.

बातमी ही, की आपण जिंकलो. शनिवारचा शेवटचा सामनाही हरलो असतो तर आपला कुर्राबिन फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) क्लब शेजारच्या मॅलीडेलमध्ये विलीन होऊन पिवळी जर्सी कायमची पेटीत जाणार होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते हे, की मी हंगामभर सीमारेषेवर गाडीत बसून वहीत खुणा करत होते: कोणी लांब किक मारली, कोणी मुठीने जवळ पास दिला आणि चेंडू शेवटी कोणाच्या हाती गेला. (गोल मी हॉर्नवरून मोजायचे. गोल झाला की रेषेवरच्या गाड्या हॉर्न वाजवतातच, मग मान कशाला वर करा? पहिले दोन आठवडे वहीप्रमाणे आपण दणदणीत जिंकत होतो. मग कळलं, शेजारच्या गाडीतला कुत्रा स्टिअरिंगवर टेकून झोपतो.) तर आकडे असे निघाले: आपण लांब मारलेल्या दर दहा चेंडूंपैकी सात समोरच्यांनी झेलले. तीस वर्षं तुम्ही शिकवलेली आपली शैली म्हणजे, मामा, शत्रूला घरपोच सेवा होती. मी वही तुमच्या चिरंजीवांपुढे ठेवली. डॅरिल प्रशिक्षक झाला तरी मुलगा तुमचाच. आधी म्हणाला, आकड्यांनी कुणी मैदान मारलंय का? मग पान उलटलं, परत मागे घेतलं आणि हळूच म्हणाला, "टेगी, हे बाबांना कोण सांगणार?"

"जिंकलो तर मी," मी म्हटलं. "हरलो तर तू."

म्हणून हे पत्र. पोरांनी शनिवारी असे जवळच्या जवळ पास दिले की समोरचे मॅलीडेलवाले नुसते गरगर फिरत राहिले. शेवटच्या मिनिटाला आपण चार गुणांनी मागे होतो, आणि झाला गोल, सहाच्या सहा गुण. हॉर्न असे वाजले की तो कुत्रा गाडीखाली जाऊन बसला. डॅरिल रडला. मीही रडले, पण वही भिजू दिली नाही.

तुमची लाडकी (आजवर तरी) भाची,
टेगन

ता. क. शेवटचा गोल जवळच्या पासवर झाला नाही. पोराने डोळे मिटून पन्नास मीटरवरून हाणला, तुम्ही शिकवायचात तसा. तो अजून वहीत चढलेला नाही.

आणखी एक ता. क. कपडे बदलायच्या खोलीतली तुमची ‘लांब मार’ची पाटी आम्ही सामन्याआधी उतरवली होती. आता ती परत लावायला कुणी धजत नाही. येत्या शनिवारी याल का? शिडी नको. तुमचा बसल्या बसल्या हात पोचेल, इतकी खाली लावू.