पुढच्या प्रोसेसरची रॅम

बाबा, रॅम म्हणजे काय हे मी तुम्हाला एकदाच समजावलं होतं आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळलं, इथेच सगळं फसलं. प्रोसेसर म्हणजे मशीनचं इंजिन आणि रॅम म्हणजे काम करताना सामान पसरायची जागा, असं मी म्हटलं होतं. तुम्ही चुलीपाशी सुके बोंबील भाजत होतात. आई गेल्यापासून चूल तुमच्याकडेच होती, आणि मी बोईसरहून येईपर्यंत भात निवतो ही तुमची रोजची कुरकुर. बोईसरला एका खोलीत कॉम्प्युटर ठेवून मी प्रेसवाल्याची अक्षरजुळणी करत होते. लग्नपत्रिका, कारखान्यांची लेबलं. ते काम नीट चाललं की तुमचं दर्यावर जाणं बंद करायचं, एवढाच माझा बेत होता. आपली बोट विकून झाली होती, तरी दम लागत असताना तुम्ही दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जात होतात. मला ते बघवत नव्हतं.

मशीन सारखं अडायचं. रॅम वाढवायला हवी होती. मुंबईच्या दुकानदाराचं म्हणणं असं, की रॅमच्या जुन्या मापाच्या आखूड पट्ट्या घेतल्या तर हातातलं काम लगेच धावेल, पण पुढे पेन्टियम हा नवा प्रोसेसर बसवताना त्या फेकाव्या लागतील. नव्या मापाची लांब पट्टी पेन्टियमलाही चालेल, तेव्हा फक्त तिच्या जोडीला दुसरी घ्यायची. पण माझ्या ऐपतीत तशी एकच बसत होती, तीही कमी क्षमतेची. मी तुम्हाला विचारलं. बोंबील परतत तुम्ही म्हणालात, "इंजिन लहान हाय म्हणून बैठक लहान नाय करायची. उद्या मोठं इंजिन आनलं, तं काय बोट फोडायची?" तुम्ही आपल्या बोटीत तसंच केलं होतं. इंजिन दोन सिलिंडरचं, पण खालची लाकडी बैठक चारच्या मापाची. पुढे चारचं आलं आणि अलगद बसलं, तेव्हा अर्धा गाव बघायला आला होता. मला पटलं. आपल्याकडे कुणालाही पटलं असतं.

लांब पट्टी बसवून मशीन जरा बरं झालं, म्हणजे जुनाट दुखणेकरी अधूनमधून बरा असतो तेवढंच. मोठं पान उघडलं की अडकलंच. लग्नसराईत पत्रिका वेळेवर झाल्या नाहीत. प्रेसवाल्याने ओरडण्याचीही तसदी घेतली नाही, काम पालघरला कुणाला तरी दिलं. पेन्टियम आला की बघू, असं मी म्हणत राहिले आणि तुम्ही दर्यावर जात राहिलात. एकदा डबा उचलून निघालात आणि दारात थांबून विचारलंत, "आता नाय गेलो तं चालंल काय गं?" मी म्हटलं, नवा प्रोसेसर तेवढा येऊ दे. तुम्ही मान डोलावलीत. त्याच हंगामात बोटीवर तुमचा श्वास कोंडला. पालघरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

प्रोसेसर तुमच्यानंतर आला, बाबा. पण तोवर तिसरंच माप निघालं होतं आणि प्रोसेसर आणि रॅम ज्यावर बसतात त्या नव्या मदरबोर्डवर लांब पट्टीला जागाच नव्हती. बैठकीचं मापच दर दोन वर्षांनी बदलणारे लोक तुम्हाला कुठे माहीत असणार? दुकानदाराने पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि ही आता कशाला बसायची नाही म्हणाला. मी भांडले नाही. खोली सोडली. आता एका कारखान्याच्या ऑफिसात दुसऱ्याच्या मशीनवर बसते. तिथले लोक विचारतात, पुढचं बघून काय घेऊ? मी काहीतरी सांगते. पुढचं म्हणून काही असतं यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

हे पत्र कुठे पाठवणार, इथेच राहील. तुम्ही दारात थांबलात तेव्हा मला पेन्टियम नकोच होता. तुम्ही घरी हवे होतात. नका जाऊ, एवढं म्हणायला प्रोसेसर लागत नव्हता.