चाकं हवेत ठेवून केलेली तपासणी

मी, चौकातल्या गॅरेजचा मालक, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचंही दडपण नाही. असलंच तर माझ्याच मनाचं आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. तिने त्याचं काय करावं याबद्दल जावयाने सल्ला देऊ नये. त्याला सल्ल्याची फार हौस आहे.

२. माझी जुनी गाडी मुलीला. क्लच दाबून ठेवायची सवय तिने सोडावी.

३. समोरच्या टायरवाल्याला काहीही देऊ नये. सहा वर्षांपूर्वी नेलेला मोठा जॅक मात्र त्याच्याकडून परत आणावा.

४. गॅरेज, लिफ्ट आणि पान्यांच्या पेट्या माझ्या धाकट्या भावाला. तो वेल्डर आहे. एकोणीस वर्षांत त्याने या गॅरेजची पायरी चढलेली नाही. त्याचं कारण मी आहे.

तेव्हा आम्ही दोघं मिळून गॅरेज चालवायचो. एका शिंप्याने गाडी आणली. त्याने स्प्रिंगा कापून ती पुढून बुटकी करून घेतली होती, चाकंही रुंद घातली होती. उजवीकडे वळताना स्टिअरिंग अडकतं, अशी तक्रार होती. मी गाडी लिफ्टवर चढवली आणि चाकं लटकत असताना स्टिअरिंग एका बोटाने फिरवून दाखवलं. ‘ग्रीस सुकलंय,’ मी म्हणालो.

‘दादा, गाडी खाली घे. वजन पडल्यावर फिरवून बघ,’ भाऊ म्हणाला.

‘तू तुझं वेल्डिंग बघ,’ मी गिऱ्हाइकासमोर म्हणालो.

त्याचं बरोबर होतं. अशा गाडीवर वजन आलं की चाकांना जोडलेले दांडे वर सरकतात. स्टिअरिंगचा दांडा गाडी जमिनीवर असतानाच तिच्या चौकटीला घासून अडत होता, हवेत तो मोकळा होता. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. धाकट्याने सांगितलं म्हणून केलं नाही. ग्रीस भरून गाडी परत दिली.

तीन दिवसांनी उतारावरच्या वळणावर स्टिअरिंग अडकलं आणि शिंपी भिंतीवर आदळला. उजवं मनगट मोडलं. त्या हातात पुन्हा कात्री आली नाही. मोडकी गाडी माझ्याकडेच आली. दांडा घासल्याची चकचकीत खूण चौकटीवर दिसत होती. मी ती कानशीने घासून काढली आणि वर काळा रंग मारला. त्याच दुरुस्तीत भावाने त्या गाडीला पुढे एक पट्टी जोडली होती, तिचा जोड धडकेत तुटला होता. तोच अपघाताचं कारण म्हणून मी सगळ्यांना दाखवत सुटलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

भावाने मला एकट्याला गाठून विचारलं, ‘दादा, माझा जोड खरंच कच्चा होता का?’

मी ‘हो’ म्हणालो.

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. नंतर तो फक्त गेटं आणि खिडक्यांचे गज जोडत राहिला, गाडीला त्याने हात लावला नाही. मला याची लाज वाटते. हे कलम माझ्यामागे शिंप्याला वाचून दाखवावं.

पुरवणी. वरचं वाचून पत्नी म्हणाली, ‘मेल्यावर सांगणार? मग भावजींनी बोलायचं कोणाला?’ आणि तिने माझ्या भावाला बोलावून घेतलं. तो आज सकाळी आला. कलम चार त्याने दोनदा वाचलं. मग मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकिलांना विचारलं, ‘मी साक्षीदार झालो तर चालेल?’

‘साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. गॅरेज जाईल,’ वकील म्हणाले.

‘जाऊ दे. दादाला ह्यावर सही करताना मला बघायचंय.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘कागद घे. दुसरी सही शिंप्याची.’

सबब गॅरेज मुलीला. कलम चारमधलं बाकी एक अक्षरही खोडू नये.

हे शेवटचं शिंप्याच्या घरी लिहितो आहे. त्याने सगळं वाचलं. माझ्या भावाला म्हणाला, ‘मी तुला दारात येऊन नाही नाही ते बोललो होतो रे.’ भावाला त्याने खुर्ची दिली. मला बसा म्हणाला नाही. उभ्यानेच सही करतो.

ठिकाण: शिंप्याचं घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च

लिहून देणार: गॅरेजवाला (सही)
साक्षीदार १: धाकटा भाऊ, वेल्डर (सही)
साक्षीदार २: शिंपी (सही, डाव्या हाताने)