उतरला की पडला

सोमवार, ३ मार्च

आज खोटं बोलले. साहेबांना सांगितलं, लाइन खराब होती, नीट ऐकू आलं नाही.

लाइन स्वच्छ होती. बाईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

नुकती डबा खाऊन टेबलावर येऊन बसले होते. एक एक्केचाळीसला फोन. परदेशी बाई. अॅम्ब्युलन्सच्या नंबरावर इंग्रजी फोन आला की तो माझ्याच टेबलावर येतो, कारण नोकरीच्या अर्जात मीच लिहिलं होतं – इंग्रजी : उत्तम. ती भराभर बोलत होती. ‘हजबंड’ कळलं. ‘ऑफ हिज बाइक’ कळलं. ‘बाय द कॅनॉल’ कळलं. मनात जुळवलं – नवरा सायकलवरून उतरला आणि कालव्याने कुठेतरी गेला. बाय बस म्हणजे बसने, तर बाय द कॅनॉल म्हणजे कालव्याने. होडीबिडीने गेला असेल, चुकामूक झाली, बाई घाबरली. मी अगदी गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, प्लीज वेट. ही विल कम.”

ती दोनदा थँक यू म्हणाली. मी नोंद केली – रुग्ण नाही.

दोन पंचविसाला एका ट्रकवाल्याचा फोन. “अहो, कालव्याच्या पुलाजवळ एक गोरा माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडलाय. बायको शेजारी बसलीये. आम्हाला हातही लावू देत नाही. अॅम्ब्युलन्स येणारे म्हणते.”

मंगळवार, ४ मार्च

तो जिवंत आहे. पायाचं हाड बाहेर आलं होतं म्हणे. ऑपरेशन झालं.

घरी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी हे शेजाऱ्यांना सांगत होते, “आमच्या हिला काय, इंग्रजी फाडफाड. साहेबसुद्धा हिच्याकडे फोन देतात.” मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

बुधवार, ५ मार्च

वायरकाकांना मेमो मिळाला. माझ्यामुळे. ‘टेबल क्र. ३ची लाइन सदोष ठेवल्याबद्दल खुलासा करावा.’

काका म्हणजे आमचे फोनदुरुस्तीवाले. कंट्रोल रूम सुरू झाली तेव्हापासूनचे. दोन वर्षांनी रिटायर होणार. आजवर एकही मेमो नाही. कागद वाचून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि थेट माझ्या टेबलाखाली शिरले.

मी खुर्ची मागे घेतली. तेवढंच केलं.

शुक्रवार, ७ मार्च

इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं. छापखान्याच्या वरची खोली. ड्यूटी सुटली की पाच ते सहा. घरी सांगितलं, ओव्हरटाइम आहे. आणखी एक खोटं. एकदा सुरू झालं की बंद होत नाही.

फोन वाजला की हल्ली एकच मनात येतं – इंग्रजी निघालं तर काय करायचं? आमच्याकडे अडीच लाख माणसं राहतात, परदेशी येतात महिन्याला दोन-तीनच. तरी.

मंगळवार, ११ मार्च

क्लासच्या बाई साठीच्या असाव्यात. ओरडत नाहीत. आजचा धडा प्रवासाचा.

बस, ट्रेन, विमान – तिथे ‘ऑन’. कार, टॅक्सी – तिथे ‘इन’. बाईंनी खूण सांगितली – जिथे आत शिरून उभं राहता येतं तिथे ऑन, जिथे वाकून शिरावं लागतं तिथे इन. शेवटच्या बाकावरचा टॅक्सीवाला म्हणाला, “म्हणजे गिऱ्हाइकाचं डोकं दाराला आपटलं की इन.” सगळे हसले. बाईही हसल्या. घोडा, सायकल, मोटरसायकल यांवर मांड टाकायची, म्हणून ऑन. नुसतं ‘कशाने आलात’ विचारलं तर सगळ्याला ‘बाय’. बाय बस, बाय ट्रेन. फक्त पायांना ‘बाय’ चालत नाही. ऑन फूट.

“असं का?” असं एकीने विचारलं. बाई म्हणाल्या, “आपणही बसने, रिक्षाने म्हणतो. पायाने आलो म्हणतो का? पायी आलो म्हणतो. चालत्या माणसाचा मान सगळीकडेच वेगळा.”

मला फार आवडलं ते. आठवडाभरात पहिल्यांदा जीव जरा हलका झाला. मग धीर करून विचारलं, “बाई, कम ऑफ हिज बाइक म्हणजे सायकलवरून उतरला ना?”

“उतरला म्हणजे गॉट ऑफ. केम ऑफ म्हणजे पडला.”

“आणि बाय द कॅनॉल?”

“कालव्याच्या कडेला. कालव्याजवळ. का हो, कुठे वाचलंत?”

मी म्हणाले, असंच. वहीत लिहून घेतलं. अक्षर मलाच लागत नाही.

नवरा सायकलवरून पडलाय, कालव्याजवळ. एवढंच म्हणत होती ती. आणि मी म्हणाले, थांबा, येईल तो. तिला वाटलं, अॅम्ब्युलन्सवाला येईल. म्हणून पुन्हा फोन केला नाही. म्हणून त्याला ट्रकमध्येही घालू दिलं नाही. मी सांगितलं तसंच वागली बिचारी.

गुरुवार, १३ मार्च

आज यांना सांगितलं. सगळं. जेवता जेवता थांबले. मग म्हणाले, “झालं ते झालं. माणूस जिवंत आहे ना? आपल्या तोंडाने कशाला ओढवून घेतेस? त्या वायरवाल्याला काय, एक मेमो. त्याने काय बिघडतं?”

मला बरं वाटलं. हेच लिहायची लाज वाटते. ऐकून बरं वाटलं.

रविवार, १६ मार्च

हॉस्पिटलमध्ये गेले. का गेले, सांगता येणार नाही. चार केळी घेऊन गेले आणि वॉर्डाच्या दारात उभी राहिले. तिनेच बघून आत बोलावलं. माझ्याएवढीच असेल, पन्नाशीच्या आसपास. मी म्हणाले, अपघाताचं ऐकलं म्हणून भेटायला आले.

तो झोपला होता. उजव्या बाजूला गुडघ्याखाली चादर सपाट.

ती हळूहळू बोलत होती, माझ्यासाठी मुद्दाम सोपं. दोघं सात महिने सायकलवर फिरत होते. खड्डा चुकवताना तो पडला. फोनवरची बाई फार प्रेमाने बोलली म्हणे. येईल, थांबा, म्हणाली. म्हणून थांबले. थांबायला नको होतं का, असं ती मला विचारत होती. आज मला तिचा शब्दन् शब्द कळला.

तिने माझा आवाज ओळखला नाही. मीही ओळख दिली नाही. केळी टेबलावर ठेवली आणि निघाले. बसने आले नाही. पायीच आले.

सोमवार, १७ मार्च

कबुलीचा कागद लिहिला. पर्समध्ये आहे.

मंगळवार, १८ मार्च

पर्समध्येच आहे.

बुधवार, १९ मार्च

वायरकाका सकाळी नवा हेडफोन घेऊन आले. मऊ गादीचा. “ताई, हा लावा. जुना कानाला टोचत असेल.” मग तिथेच स्टुलावर बसले. “चारदा तपासली लाइन. खणखणीत आहे हो. मला काही सापडत नाही. पण तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणजे दोष असणारच. माझ्याच हाताला आता समजत नाही बहुतेक. आज लिहून देतो, चूक माझी.”

म्हणजे त्यांनी माझ्यावर इतका विश्वास ठेवला की स्वतःच्या हातांवरचा उडाला.

मी म्हणाले, “काका, लाइन ठीक होती. मला इंग्रजी कळलं नाही.”

त्यांनी स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, चिकटपट्टी, एकेक वस्तू पिशवीत भरली. दारात थांबून म्हणाले, “चौदा दिवस मी त्या तारा सोलतोय.”

पाया पडायला हवं होतं. पाय हललेच नाहीत.

दुपारी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. वाचून त्यांचा चेहरा उतरला. “हे परत घ्या. काकांचा मेमो मी मिटवतो. तुम्ही कशाला? समिती बसेल, रेकॉर्डिंग काढतील. नाचक्की सगळ्यांचीच.” माझ्यासाठी एवढा जीव टाकताहेत, वाटून भरून आलं. पण परत घेतला नाही. म्हणाले, “साहेब, पुढे पाठवा.”

गुरुवार, २० मार्च

फोनवरून काढलं. स्टोअरमध्ये बसवलं आहे. ऑक्सिजनच्या नळ्या आणि स्ट्रेचरचे पट्टे मोजायचे. घरी हे बोलत नाहीत. लेक मात्र म्हणाली, “आई, क्लास सोडू नकोस.” हिला कसं कळलं?

काका जिन्यात भेटले. मान वळवून गेले. बरोबरच आहे.

बुधवार, २६ मार्च

समितीपुढे रेकॉर्डिंग वाजवलं. त्या बाईच्या नंबरावरून आलेले सगळे फोन काढले होते. एक नव्हता. दोन होते. पहिला एक अडतीसचा, माझ्याच टेबलावरचा, मी डबा धुवायला गेले होते तेव्हाचा. तिचे शब्द तेच. नवरा सायकलवरून पडलाय, कालव्याजवळ. उत्तर साहेबांच्या आवाजात – “राँग नंबर.” आणि फोन ठेवल्याचा आवाज.

साहेब टेबलाच्या कडेकडे बघत होते. तसं बघणं मला ओळखू येतं.