आजींचा चष्मा आणि मेंदूची रेघ

ती. अण्णा,
धुऊन धुऊन हात खरखरीत झालेल्या तुमच्या लेकीचा नमस्कार.

आज आमच्या इस्पितळात हृदयाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी शुद्धीवर आल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी स्वतः येऊन सांगितलं, "दोन्ही हात हलवले, आणि पहिलाच प्रश्न, माझा चष्मा कुणी घेतला?"

मेंदूवर नजर ठेवणारं आमचं नवं यंत्र त्यांच्या कपाळाला लावलं होतं. ते जुन्याइतकं खरं बोलतं का, हे आम्ही ताडून पाहतोय. तोवर कुणी त्यावर विसंबू नये म्हणून त्याचा पडदा डॉक्टरांपासून झाकलेला असतो. मी एकटीच बघते.

तुम्ही विचारता ना, "हृदय थांबवल्यावर माणूस राहतो कुठे?" अण्णा, आज ते एकाहत्तर मिनिटं थांबलं होतं. अंगातलं रक्त बाहेरचा पंप फिरवत होता, आणि पडद्यावर मेंदूची रेघ संथ चालली होती. आजी तिथेच होत्या! बघता बघता एक आकडा टिपायचा राहिला. वहीत तसं कबूल केलंय.

तुमच्या ऑपरेशनच्या वेळी जुनंच यंत्र असेल, नव्याची परीक्षा अजून संपलेली नाही. जिन्यात हल्ली किती वेळा थांबता? खरं सांगा, आईला विचारणारच आहे.

गुरुवारी डॉक्टर तुमचा होकार विचारतील. बुधवारी मी पोचते. ऑपरेशनला आत जाताना चष्मा माझ्याच हातात द्या. डोळे उघडलेत की लगेच मिळेल.

तुमची,
धाकटी