मागे पायरी आहे, बाबा

ता. ९, शनिवार, दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार घातला तर तू घाबरशील, म्हणून नुसतंच विचारते, कसा आहेस? वहिनीचा खोकला गेला का? मी ठीक. चष्म्याच्या दुकानातून रजा घेतलीय. मालक कुरकुरला, पण तो पगार देतानाही कुरकुरतो.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणतोस. तुझा प्रश्न माझ्या लक्षात आहे. बाबांसाठी त्या वृद्धाश्रमात तू खोली धरून ठेवलीयस, महिनाअखेरीला हो की नाही ते कळवायचंय, आणि त्यांना समजावून आणायचं लोढणं तू माझ्या गळ्यात बांधलंस. "तू भांडकुदळ आहेस, तुला नाही म्हणायची त्यांची छाती नाही." वा रे वा! आई गेल्यापासून ज्या माणसाशी मी एक शब्द बोलले नाही, त्याला मी समजावणार.

इथे रोज धुकं असतं. सकाळी गल्लीचं दुसरं टोक दिसत नाही, दुपारी ते हळूच परत येतं. घंटी वाजवत सायकलवाला जातो, तर आधी नुसती घंटी येते आणि मग सायकल. अशा हवेत माणसाला आपण जागे आहोत की नाही तेच कळत नाही.

तुला फोनवर "भेट झाली" म्हणाले, ती अर्धी थाप होती. भेट बंद दाराशी झाली. शेजारी एक शिंपीणबाई राहतात. त्याच पाव आणि दूध बाबांच्या उंबऱ्यावर ठेवतात, आणि त्या आपल्या घरात परत गेल्या की बाबा ते उचलतात. त्यांना बाहेर पाऊल टाकताना बाईंनी कधी पाहिलेलंच नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही मुलगी होय? मग जोरात वाजवा. आम्ही आपले हळू वाजवतो."

मी वाजवलं.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

आता काय सांगायचं? माझं खरं नाव या माणसाने कधी घेतलेलंच नाही. "ठिणगी," म्हटलं.

दाराला अगदी चिकटून आवाज आला, "आज नको. हात रंगलेत."

मी जिथे उतरलेय त्या खोलीवर येऊन रडले. लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले. असू दे.

दुसऱ्या दिवशी दाराची कडी काढलेली होती. दादा, आत काय आहे ते तुला कसं सांगू! एकच अरुंद, लांबट खोली. वर एक झरोका. आणि भिंत म्हणून नाहीच. बाबांनी सगळी खोली रंगवलीय, नाटकाचे पडदे रंगवायचे तशी. छतावर ढग. डावीकडे झाडं आणि झाडांमधून लांब जाणारा रस्ता. उजवीकडे पाणी, त्यावर ऊन. झरोक्यातला उजेड सरकतो तसं ते ऊनही सरकल्यासारखं वाटतं. आणि समोरच्या भिंतीवर आपलं जुनं घर. पुढची खोली. फुटक्या फरशीसकट, रे! कपाटाचं न लागणारं दार, आईची खुर्ची, आणि शेजारी आपली ती खिळ्यांची रांग, प्रत्येकाचा एक.

मी शहाणी, पडदेवाल्याची मुलगी, लहानपण विंगेत काढलेली. आणि मी काय करावं? सरळ चालत गेले, शाळेतून यायचे तशी, आणि आईच्या शालीशेजारच्या माझ्या खिळ्याला पिशवी अडकवली.

पिशवीत अंडी होती.

बाबा हसले. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला, मग खरंच हसू. मीही हसले, आणि मग दोघंही गुडघ्यावर बसून फडक्याने अंडी पुसत होतो. इतके वाळलेत ते! दाढी वाढलीय, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलीय. मी म्हटलं, "हा नंबर तुमचा राहिलेला नाही." म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?" म्हटलं, "तोच माझा धंदा आहे." माझ्या बापाला मी काय काम करते तेही माहीत नव्हतं. दोष कुणाचा, ते राहू दे.

मी ठरवून गेले होते की गोडगोड बोलायचं, वृद्धाश्रमातली बाग, वेळेवर जेवण वगैरे. पण तोंडातून निघालं भलतंच. विचारलं, "आईला पोचवायला का नाही आलात?"

तुला आठवतं ना, सगळे अंगणात उभे आणि आतून यांची हालचाल नाही. तू म्हणालास, "पडदा पाडून बसलेत नेहमीसारखे." मी खिळ्यावरून माझी पिशवी काढून घेतली आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, परत येणार नाही.

बाबा म्हणाले, "दार सापडलं नाही गं."

"म्हणजे?"

"तुमचे आवाज येत होते. मी भिंतीला हात लावत फिरत होतो. सगळीकडे एकच रंग. दार म्हणून काही नव्हतंच."

मला भयंकर राग आला. घरातल्या घरात कुणाला दार सापडत नाही का? आणि दादा, माझा विश्वासही बसला. दोन्ही एकदमच. लहानपणी भिंतीकडे तोंड करून ते पडून राहायचे, तेव्हा आपण पाय न वाजवता खेळायचो. "बाबांचं बिनसलंय," एवढंच म्हणायचो. त्यांना आतून काय दिसतं, हे आपण कधी विचारलंच नाही. अर्थात आपण पोरं होतो, आपण का विचारावं? मोठं माणूस ते होते. हे मी त्यांनाही ऐकवलं. ते "हो" म्हणाले. नुसतं "हो". भांडायला आले होते, आणि समोरचा भांडेचना.

आता कालचं. ते समोरच्या भिंतीवर खुर्चीच्या पायाशी काहीतरी करत होते. मी म्हटलं, "पाय वाकडा दिसतोय." म्हणाले, "जवळून बघणाऱ्याला नुसते डागच दिसतात. शेवटच्या रांगेतून बघ." हे वाक्य लहानपणी किती वेळा ऐकलंय आपण! मी विचारलं, "तुम्ही बघितलंय शेवटच्या रांगेतून?" तर खोलीकडे हात फिरवून म्हणाले, "इथे लांब जायला जागा कुठंय?"

म्हणजे बघ. एवढं सगळं रंगवलं, आणि ते नीट दिसतं कसं, हे त्यांनी एकदाही पाहिलेलं नाही!

ते ब्रश घेऊन मागे मागे चालायचे, आठवतं? डोळे पडद्यावर, मागे कधी बघायचे नाहीत. त्यांच्या पाठीमागची वाट मोकळी करत पळायचं आपलं काम. "मागे बादली, बाबा!" "मागे स्टूल!" आणि एकदा तू ऐनवेळी पेरू खात बसलास आणि ते निळ्या रंगात बसले. सगळे नट हसले, तूही हसलास, आणि मार मी खाल्ला. ते मी विसरलेले नाही, नोंद असावी.

तर मी म्हटलं, "जा की मागे. मी आहे."

ते एक पाऊल मागे आले. मी स्टूल सरकवलं. आणखी एक. मी डबे उचलले. डोळे भिंतीवर, मान थोडी वाकडी, अगदी तेच. पाठ दाराला लागायच्या आत मी दार सताड उघडलं. धुकं आत आलं. ते थबकले. गार हवा मानेला लागली असणार.

"मागे पायरी आहे, बाबा," मी म्हटलं, आणि कोपराला हात लावला.

त्यांनी पायाने चाचपडून पायरी शोधली आणि उतरले. मग रस्ता. मी सायकलवाल्याला हात करून थांबवलं. बिचारा ब्रेक दाबून उभा, घंटीवर बोट तसंच. समोरच्या फुटपाथला टाच लागली तेव्हा बाबा थांबले. अंगात सदरा, पायात काही नाही, डोक्यावर धुकं. उघड्या दारातून लांब आत आपलं घर दिसत होतं. खुर्चीचा पाय सरळ होता. सगळं इतकं खरं होतं, की आई आत्ता स्वयंपाकघरातून हात पुसत येईल असं वाटलं. मी त्यांचा हात धरला. शिंपीणबाई खिडकीत शिवण धरून उभ्या होत्या आणि चक्क रडत होत्या.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुमचे खिळे मोकळे दिसतात."

चमत्कार वगैरे झालेला नाही, बरं का. आज सकाळपासून ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. चहा घेतला नाही. मी दाराशी बसून राहिले. पाय न वाजवता नाही, चांगली भांडी घासली, मोठ्याने बडबडले. या वेळी दार कुठे आहे ते त्यांना ऐकू येत राहावं म्हणून.

तर तुझ्या मुद्द्याचं. वृद्धाश्रमाला नाही कळवून टाक. शिंपीणबाईंच्या माडीवरची खोली मी घेतेय, आणि इथल्या चष्म्याच्या दुकानात विचारूनही आले. चिडू नकोस. चिडलास तर ये आणि समोर भांड.

हे लिहीत असताना ते उठले. हातोडी कुठे आहे म्हणून मलाच विचारतायत, जसं काही मी इथेच राहत होते. आत्ता ठोकठोक चाललीय. रंगवलेल्या खिळ्यांच्या जागी खरे ठोकतायत, चित्राला भोकं पडली तरी. आईची शाल तशीच ठेवलीय, रंगातली. माझा खिळा झाला, पिशवी अडकवून पाहिली, पडली नाही.

आता त्याच्या शेजारचा ठोकतायत. तुझ्या टोपीचा.

तुझी,
ठिणगी