गोठ्यावरचा दिवा

फुलंब्री

प्रिय बद्री,

दोन वर्षं आपण बोललो नाही. भिंतीच्या अलीकडं मी काय ठोकाठोक चालवली आहे ते तुला दुसऱ्यांकडूनच कळत असेल, म्हणून आता मीच सांगते. आप्पा गेल्यावर हक्कसोडपत्रावर मी सही केली नाही. शेत मागितलं नाही, घर मागितलं नाही, फक्त मागचं परस मागितलं. तू चारचौघांत म्हणालास, "परसात काय करणार हाय ही? दुनिया हसंल." मग मधे भिंत घातलीस. दुनिया थोडीफार हसलीही. गावात मला अजून 'चांदण्यावाली बाई' म्हणतात.

मार्चमध्ये शाळेतून निवृत्त झाले. शहरात उस्मानपुऱ्यातली खोली ठेवली आहे, पण निम्मा आठवडा इथंच असते. परसात तारे बघायला छोटी वेधशाळा बांधली आहे, तिचं लोखंडाचं काम मुकुंदवाडीच्या फारूखभाईंनी केलं. कमरेपेक्षा थोड्या उंच भिंती, वर पत्र्याचं छप्पर, छपराला फाटकाची चाकं आणि खाली दोन रूळ. ढकललं की छप्पर अख्खं बाजूला सरकतं आणि आकाश मोकळं होतं. मधोमध कॅमेरा जोडलेल्या दुर्बिणीसाठी काँक्रीटचा खांब आहे. पहिल्यांदा तो फरशीला चिकटूनच ओतला गेला. मी जरा पाय हलवला की फोटोत प्रत्येक तारा गांडुळासारखा वळवळलेला यायचा. मग खांबाभोवतीची फरशी कापून बोटभर फट ठेवली, तेव्हा कुठं तारे टिंबासारखे आले. आकाश फिरतं तशी दुर्बीण फिरवायला मोटर आहे, तिचा रोख ध्रुवताऱ्याकडं लावावा लागतो. आणि आपल्याकडं ध्रुवतारा इतका खाली, की तुझ्या गोठ्याच्या पत्र्याच्या जेमतेम वर दिसतो. त्यामुळं रोज तुझा गोठा बघणं आलंच.

याच परसात आपण बाजेवर झोपायचो. तू अंधाराला भ्यायचास, म्हणून मी सप्तर्षी दाखवून गोष्ट सांगायचे, की ते म्हातारीचं बाजलं आहे. तू विचारायचास, "मग म्हातारी कुठं निजली?"

दिवाळीनंतर मृग नक्षत्र लवकर वर यायला लागलं. त्यात नुसत्या डोळ्यांना एक पुसट ठिपका दिसतो, तोच कॅमेऱ्यात गुलाबी ढगासारखा पसरतो. माझा पहिला फोटो चांगला आला. खोलीत लावून ठेवला आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत तू गोठ्यावर मोठा दिवा लावलास आणि पुढचे सगळे फोटो पांढुरके झाले. मी आशाला विहिरीवर गाठून विचारलं. ती म्हणाली, "आक्का, बिबट्यानं वासरू नेलं. हे आता रातभर गोठ्यातच बसत्यात, काठी घेऊन. दिवा असला की घडीभर डोळा लागतो त्यांचा." मी परत आले. एका भिंतीपलीकडं वासरू गेलं आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी छप्पर उघडलं नाही. तुला शुगर आहे, आणि थंडीत तू उघड्यावर बसतोस, हेच डोक्यात फिरत राहिलं.

आता पत्र कशासाठी ते लिहिते. फारूखभाईंकडून मी गोठ्याच्या उघड्या बाजूला बसेल अशी जाड लोखंडी जाळी करून घेतली आहे, दारासकट. बिबट्या आत येणार नाही आणि तुला घरात झोपता येईल. जाळीबरोबर दिव्यासाठी पत्र्याची टोपीही केली आहे. ती घातली की उजेड गोठ्यावर आणि अंगणातच पडेल, वर जाणार नाही. टोपी नको वाटली तर राहू दे, मी पुन्हा विषय काढणार नाही. जाळी मात्र घे. रविवारी सकाळी फारूखभाई येतील. त्यांचे गुडघे दुखतात, शिडी धरायला दोन माणसं लागतील. भिंतीतलं फाटक तुझ्या बाजूनं बंद आहे. तेवढी कडी काढून ठेव, म्हणजे मला येता येईल.

तुझीच,
सरूआक्का